दंडावरची पुरचुंडी

आमच्या ओळीतल्या चौथ्या घरात बावीस वर्षांची मुलगी आहे. तिला परवा टीबी निघाला. काल दुपारी तिची आई माझ्याकडे आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही, दारातूनच म्हणाली, "तुमाले टीबी झाला होता नं बाई? मंग तुमी कोणता खडा बांधला होता, तेवढं सांगा."

मला हसूच फुटलं. ती बिचारी गोरीमोरी झाली. मी तिच्या दुःखाला हसते आहे असं तिला वाटलं असणार. मग मी तिला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि सांगायला लागले. दुपारी दोन वाजता सुरू केलेलं पाच वाजता संपलं. जाताना ती म्हणाली, "हे माह्या पोरीले लिहून द्या नं." म्हणून लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही, मी ब्लाउज शिवते. कुठे शिवण उसवली दिसली तर सांभाळून घ्या.

फिल्म

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी दिवाळीच्या फराळाच्या धुराने मला खोकला लागला, तो थंडी ओसरली तरी गेला नाही. काढे झाले, आलं-मध झालं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची लाल बाटली झाली. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री पोलकं घामाने भिजायचं. महिन्याभरात मी माझेच ब्लाउज दोनदा आत घेतले. शिवणारणीला आपण वाळतोय हे वजनकाट्याच्या आधी कळतं. तरी मी गप्प होते. नंदा, माझी मुलगी, दीड वर्षाची होती आणि अंगावर पीत होती. त्यामुळेच वाळते आहे, असं मी सगळ्यांना सांगायची. स्वतःलाही तेच सांगायची.

माझे मिस्टर नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात होते. ट्रकांमधून माल उतरवून घ्यायचं त्यांचं काम. एक दिवस त्यांनी रजा काढली, मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीच्या एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मला नुसत्या बरगड्या दिसत होत्या.

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "बरा होतो. दीड वर्ष औषध घ्यावं लागेल. एकही दिवस चुकवायचा नाही. काय सांगितलं मी?"

"एकही दिवस नाही," आम्ही दोघं वर्गातल्या पोरांसारखे एका सुरात म्हणालो.

"घरी लहान मूल आहे?"

"आहे. अंगावर पिते."

डॉक्टरांनी कागदावर खूण केली. मग म्हणाले, "ते आजपासून बंद. तिला तपासून घेऊ. आणि तुमच्या थुंकीचे लागोपाठ तीन महिन्यांचे तीन रिपोर्ट साफ येईपर्यंत तिला तुमच्याजवळ येऊ देऊ नका."

तीन साफ रिपोर्ट. त्या क्षणापासून माझ्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. छातीत काय आहे, मी जगते की मरते, हे सगळं मागे पडलं. तीन रिपोर्ट आले की नंदा मांडीवर येणार, एवढंच मला समजलं.

घरी येताना मिस्टरांनी रिक्षा केली. नंदनवन वस्तीत घरासमोर उतरलो, आत गेलो, पाणी प्यायलो, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सायकल दवाखान्यातच राहिली आहे. एवढा धीराचा माणूस, पण स्वतःची सायकल विसरून आला. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तर तिथेच उभी होती, तीही बिनकुलपाची.

नंदा ठणठणीत निघाली. काटोलहून माझी आई आली आणि तिला घेऊन गेली. मी पुढच्या खोलीच्या खिडकीत उभी होते. नंदाला बसमध्ये बसायला मिळणार म्हणून इतका आनंद झाला होता की तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

उंबऱ्यापलीकडे

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. आता त्या नाहीत, म्हणून खरं लिहायला हरकत नाही. नाहीतरी त्यांनी स्वतःच हे सगळं गावभर हसत सांगितलं होतं.

दवाखान्यातून आलो त्याच दिवशी संध्याकाळी माझी खाट पुढच्या खोलीत गेली. माझं ताट, पेला, वाटी वेगळी झाली आणि ओळखू यावीत म्हणून आत्याबाईंनी त्यांवर लाल दोरा बांधला. ताट त्या उंबऱ्यावर ठेवायच्या आणि लाटण्याने माझ्याकडे सरकवायच्या. नाकाला पदर असायचा. मी कामाची, लाडाची सून होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि त्यांच्या सुईत दोरा ओवण्यापासून त्यांच्या पायात काटा मोडला तर काढण्यापर्यंत सगळं माझ्याकडे असायचं. आता त्या मला बोट लावत नव्हत्या.

मला राग यायचा, रडू यायचं. त्यांचा धाकटा भाऊ विशीत असताना याच रोगाने गेला होता, औषधं निघायच्या आधीच्या काळात, हे मला कितीतरी नंतर कळलं. त्यांना मी दिसायची तेव्हा तो दिसत असणार. पण हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार माणसांच्या घरात एक गेली काटोलला, एक पुढच्या खोलीत, आणि उरलेले दोघं स्वयंपाकघरात एकमेकांशी न बोलता जेवायचे. आठ दिवसांनी डॉक्टरांनी मला वॉर्डात भरती करून घेतलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

शेवंताबाई

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर शेवंताबाई होत्या. चाळिशीच्या, विड्या वळणाऱ्या, हाडांचा नुसता सापळा, आणि आवाज मात्र अख्ख्या वॉर्डाला पुरेल असा. पहिल्याच दिवशी मी तोंडावर चादर घेऊन रडत होते. त्यांनी ती चादर ओढली.

"काहून रडून राहिली वं?"

"मला टीबी झालाय," मी म्हणाले.

"मंग इथं का आमाले गोवर झाला आहे?"

मी हसले. हसताना खोकला आला, खोकताना पुन्हा हसू आलं. सिस्टर धावत आल्या आणि दोघींना बोलून गेल्या. पुढे दोन महिने हेच चाललं.

सकाळी चहा, मग ताप बघायचा, मग इंजेक्शनांची रांग. त्या रांगेला शेवंताबाई आरती म्हणायच्या. "चला वं बायांनो, आरतीची वेळ झाली!" आणि आम्ही लुगडी सावरत उभ्या राहायचो. गोळ्या इतक्या मोठ्या की एक गिळताना पुढचीची धास्ती. शनिवारी वजन व्हायचं. वाढलं की वॉर्डात टाळ्या. शेवंताबाई वजनाआधी दोन लोटे पाणी पिऊन यायच्या आणि वर डॉक्टरांना सांगायच्या, "पहा साहेब, तुमच्या दवाईनं अर्धा किलो!" डॉक्टर लिहून घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "बाथरूमला जाऊन या, परत करू."

स्फटिक

मी भरती झाल्यावर आत्याबाईंना चैन पडेना. नागपुरातल्या महाल भागात एक वयस्कर गृहस्थ होते, पोस्टातून निवृत्त झालेले. पत्रिका पाहायचे आणि खडे द्यायचे, म्हणून सगळे त्यांना खडेकाका म्हणत. आत्याबाई त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी एक स्फटिक दिला. सुनेच्या अंगात उष्णता भरली आहे आणि स्फटिक हा जात्याच गार, तो उष्णता ओढून घेईल, असं सांगितलं. मग त्यांनी तो आत्याबाईंच्या समोर पाण्याच्या पेल्यात टाकला. पाण्यात पडताच तो दिसेनासा झाला. "असाच रोगबी दिसेनासा होते," काका म्हणाले. एवढं पाहिल्यावर आत्याबाईंना आणखी कशाची गरज नव्हती.

विधी असा होता: रविवारी रात्री खडा कच्च्या दुधात ठेवायचा, सोमवारी धुऊन देवापुढे ठेवायचा, पूजा करायची, मग कोणाच्या नजरेस न पडू देता पांढऱ्या कापडात शिवायचा आणि डाव्या दंडाला बांधायचा. रोग जाईपर्यंत उघडायचा नाही.

सोमवारी भेटीच्या वेळेला आत्याबाई वॉर्डात आल्या. नाकाला पदर, हातात मेणकापडाच्या घडीत गुंडाळलेला खडा, पांढरी चिंधी आणि सुई. आंघोळीचं पाणी लागून खडा विटाळू नये म्हणून आतून मेणकापड त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. लांब उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं आणि मग अडल्या. सुईत दोरा ओवता येईना. तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा सुई माझ्यापुढे केली.

"ओव वं सुमन."

मी पहिल्या फटक्यात ओवला. त्या पाठमोऱ्या बसल्या आणि पुरचुंडी शिवली. मग दुसरी अडचण आली. बांधणार कोण? खडेकाकांनी सांगितलं होतं की घरातल्या मोठ्या बाईनेच बांधायची. आत्याबाई जरा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी नाकावरचा पदर सोडला, कारण गाठ मारायला दोन्ही हात लागतात, आणि माझा दंड धरला.

पंचवीस दिवसांनी घरचं माणूस मला शिवलं होतं. त्यांची बोटं गार होती. स्फटिकाचं मला माहीत नाही, पण त्या बोटांनी माझी उष्णता ओढून घेतली असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. सिस्टरने पुरचुंडी सोडली तर नाही ना, याची त्यांना धास्ती. रोज येऊन दंड चाचपायच्या, गाठ ओढून पाहायच्या. हळूहळू दंडावरून हात कपाळावर जायला लागला. मग केस विंचरणं सुरू झालं. शेवंताबाई एकदा त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "आमच्या घरी धम्म घेतला तेव्हापासून गंडेदोरे सगळे बंद. पण असा दोरा बांधून सासू रोज येत असंन, तं मले बी एक आणून द्या नं बाई." आत्याबाई दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी गोड शिरा घेऊन आल्या.

त्याच सोमवारी घरी आणखी एक गोष्ट घडली होती, ती तेव्हा मला कळली नाही. मिस्टरांची दाढ मोडली. कशाने, विचारलं तर म्हणाले, चिवड्यात काहीतरी आलं. गाल सुजवून भेटायला आले तर शेवंताबाई म्हणाल्या, "बायकोपेक्षा नवऱ्यालेच भरती करा."

अकरा दिवस

चैत्रात मी घरी आले. ताप गेला होता, खोकला गेला होता, वजन चार किलोने वाढलं होतं. ते चारही किलो पाणी न पिता. आता रोज सकाळी जवळच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं आणि गोळ्या घरी. शेवंताबाईही त्याच सुमारास सुटल्या होत्या आणि त्याच रांगेत यायच्या. आत्याबाई शेजारणींना माझा दंड दाखवायच्या. "खडेकाकाचा खडा! पाय वं, कशी गुटगुटीत झाली माही सून!"

आणि एक दिवस त्या म्हणाल्या, "आता काहून रोज सुया टोचून घेतं? खड्यानं काम केलं नं."

दोष एकट्या त्यांचा नव्हता, हे मला इथे नीट लिहायचं आहे. मला हेच ऐकायचं होतं. बसायच्या जागेवर गाठी आल्या होत्या, कानात सारखं गुणगुणायचं, गोळ्यांच्या नुसत्या वासाने पोटात ढवळायचं. वर नागपूरचं ऊन. आणि मला इतकं बरं वाटत होतं! मी आजारी आहे हे मलाच खरं वाटेना. मी दवाखान्यात जाणं थांबवलं. गोळ्या मोरीत टाकल्या. मिस्टरांना दोघींनी सांगितलं नाही. अकरा दिवस मी मजेत राहिले, पडदे शिवले, कैरीचं पन्हं केलं, दुपारी आत्याबाईंच्या शेजारी आडवी होऊन गप्पा मारल्या. आजारपणातले ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते आणि तेच सगळ्यात धोक्याचे.

मुंग्या

उन्हाळ्यात आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून झोपायचो. बाराव्या दिवशी सकाळी दंडाला चावलं म्हणून जाग आली. पाहते तर खाटेच्या पायावरून, चादरीवरून, माझ्या खांद्यावरून मुंग्यांची रांग चाललेली, आणि रांग जाऊन थांबली होती थेट पुरचुंडीत. मेणकापड उन्हाने मऊ होऊन एका कोपऱ्याला फाटलं होतं.

मी ओरडले. आत्याबाई धावत आल्या.

"उघडू नको वं! रोग गेल्याबिगर उघडाचं नाही!"

"आत्याबाई, मुंग्या चावताहेत!"

मिस्टर दात घासत होते. त्यांनी तोंडातला फेस तसाच ठेवून माझी शिवणाची कात्री आणली आणि पुरचुंडी कापली. आत स्फटिक नव्हता. चिकट, पिवळट, अर्धा विरघळलेला एक गोळा होता आणि त्याला मुंग्या डसल्या होत्या. मिस्टरांनी तो वास घेऊन पाहिला.

"आई," ते म्हणाले, "ही तं खडीसाखर आहे."

आत्याबाईंनी डोळे बारीक करून गोळ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "देवाच्या वाटीत नैवेद्याची खडीसाखर होती. त्यातच मी खडा ठेवला होता. मोठा पाहून उचलला..." आणि एकदम आवाज चढला. "मंग खडा कुठं गेला?"

मी मिस्टरांकडे पाहिलं. त्यांचा हात आपसूक गालावर गेला होता.

"काय गा?" आत्याबाई म्हणाल्या.

"आई, त्या सोमवारी मी प्रसाद खाल्ला. करकचून चावला अन् दाढ गेली. आता प्रसादाला नाव कसं ठेवू? थुंकावं तं पाप. म्हणून धुतला अन् तुळशीत पुरला."

आम्ही तिघांनी तुळशीचं वृंदावन उकरलं. तीन बोटं खाली स्फटिक होता, पाण्याने धुतल्यावर लखलखीत. एकाही बाजूला दाढेचा ओरखडासुद्धा पडला नव्हता. मी खाली बसून हसायला लागले. आत्याबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. मिस्टर गाल धरून हसत होते. ज्या खड्याचं कौतुक गल्लीने केलं तो तुळशीखाली झोपला होता आणि मी खडीसाखर बांधून हिंडत होते!

आणि हसता हसता मला खोकला आला. एक ढास, मग दुसरी, मग थांबेचना. दोन महिन्यांनी आलेला तो खोकला मी लगेच ओळखला. आत्याबाईंनीही ओळखला. त्यांचं हसू जागच्या जागी गेलं.

"एकही दिवस नाही," मिस्टर हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सुमन, इंजेक्शन घेऊन राहिली नं तू?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

परत रांगेत

त्याच सकाळी मी दवाखान्यात गेले. शेवंताबाई रांगेत होत्या. मला पाहून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "अकरा आरत्या कुठं होती वं? मले वाटलं मेली." मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी मागच्या साली असंच केलं होतं. बरं वाटलं अन् सोडलं. म्हणून तं तुह्या शेजारी येऊन पडली. नाहीतर आपली वळख बी नसती झाली."

डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "का?" मी खडीसाखरेची हकिगत सांगितली. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. रिपोर्ट मात्र वाईट आला. थुंकीत पुन्हा थोडं सापडलं. आधीचा साफ रिपोर्ट बाद, मोजणी शून्यापासून. नंदा आणखी लांब गेली. त्या दिवशी मी घरी येऊन जी रडले, तशी फिल्मच्या दिवशीही रडले नव्हते. अकरा दिवसांचं सुख मी माझ्या लेकराच्या वाट्यातून घेतलं होतं.

मी उशीत तोंड घालून पडले होते तेव्हा आत्याबाई येऊन खाटेच्या काठावर बसल्या आणि त्यांनी भावाची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाल्या, "त्याच्यापाशी औषध नव्हतं. तुह्यापाशी होतं, अन् मी सोडवलं." मग डोळे पुसले, उठल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझं औषध ताब्यात घेतलं. रोज दवाखान्यात बरोबर येणार. गोळी माझ्या तळहातावर ठेवणार आणि समोर उभ्या राहणार. "गीळ. आता तोंड उघड. जीभ वर कर." डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, तरी तपासणी चालायची. रांगेतल्या बायका त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायला लागल्या.

एक दिवस आम्ही स्फटिक परत करायला खडेकाकांकडे गेलो. सगळं ऐकून काका म्हणाले, "पण बाई, औषध सोडू नका, हे मी तुमाले सांगितलं होतं."

"सांगितलं असंन," आत्याबाई म्हणाल्या. "खडा पाण्यात गेला अन् दिसला नाही, त्याच्यानंतरचं मले काई ऐकू नाही आलं."

मी त्यांना सरळ विचारलं, "काका, खरं सांगा. हा बरं करतो का?"

त्यांनी स्फटिक बोटांत फिरवला. "माही बायको हाच घालत होती," ते म्हणाले. "ती नाही वाचली. पण ती आजारी असताना मले करायले काईतरी होतं. रोज धुवाचा, रोज बांधाचा. नाहीतं मी नुसता बसून राहिलो असतो." मग त्यांनी तो माझ्या हातात परत ठेवला. "ठेवा. तुमच्या घरी त्यानं एक दाढ तं नक्की काढली."

तर, खडा कोणता

आता त्या मुलीच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या दंडावर तीन महिने खडीसाखर होती, आणि ताप गेला, वजन वाढलं. म्हणजे ते काम स्फटिकाने केलं नाही, कारण स्फटिक तिथे नव्हताच. खडीसाखरेनेही केलं नाही, कारण सुया सोडल्या तेव्हा ती दंडावर असूनही खोकला परतला. काम औषधाने केलं. हे मी आत्याबाईंना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खडीसाखर बी देवाचीच होती नं वं." त्यांच्यापुढे कोणाचं चाललं आहे?

पण मुली, तुझ्या आईला खडा बांधावासा वाटला तर बांधू दे. तिला दोन्ही हातांनी गाठ मारू दे. रोज येऊन गाठ बघू दे. फक्त गोळी आधी गीळ, एकही दिवस न चुकवता, आणि बरं वाटायला लागेल तेव्हा दुप्पट जपून गीळ. माझा स्फटिक शिवणयंत्राच्या खणात आहे, ब्लाउजचे कागदी नमुने उडू नयेत म्हणून त्यावर ठेवते. हवा असेल तर घेऊन जा. कोणी चावू नका म्हणजे झालं.

दिवाळी

श्रावणाचा रिपोर्ट साफ आला. भाद्रपदाचाही आला. आश्विनातल्या रिपोर्टच्या दिवशी मिस्टरांनी पुन्हा रजा काढली. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "गोळ्या अजून चालूच. पण मुलीला आणा. जवळ घ्या." आम्ही घरी पोचलो आणि पाहतो तर सायकल पुन्हा दवाखान्यातच राहिली होती.

दिवाळीच्या दोन दिवस आधी आई काटोलहून नंदाला घेऊन आली. बरोबर संत्र्यांची पिशवी. नंदा सव्वादोन वर्षांची झाली होती, बोलायला लागली होती, केस खांद्यापर्यंत आले होते. मी अंगणात उकिडवी बसले आणि हात पुढे केले. तिने मला पाहिलं आणि माझ्या आईच्या लुगड्यात तोंड लपवलं. नऊ महिने झाले होते. मी तिच्यासाठी कोणीतरी बाई होते.

मी हात पुढे केले होते ते तसेच राहिले.

आत्याबाई आत गेल्या आणि देवापुढची वाटी घेऊन आल्या. चाचपून एक बारीक खडीसाखर उचलली. मिस्टर म्हणाले, "आई, आधी मले पाहू दे," आणि खरोखर उजेडात धरून पाहिली. मग ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मी हात नंदापुढे केला. ती एक डोळा बाहेर काढून बघत राहिली, मग दोन पावलं आली, मग आणखी एक. तिने खडीसाखर उचलली, कुडुम करून अर्धी तोडली, आणि उरलेली अर्धी, ओली, थुंकीने चिकट झालेली, माझ्या ओठांशी आणली.

"घे," ती म्हणाली.

नऊ महिने माझ्या पेल्याला लाल दोरा होता. माझं उष्टं कोणाला लागू नये, कोणाचं मला लागू नये, याची मला इतकी सवय झाली होती की मी तोंड मिटूनच घेतलं आणि आत्याबाईंकडे पाहिलं.

आत्याबाईंच्या डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणतात. त्यांनी बरोबर पाहिलं.

"खाय नं वं," त्या म्हणाल्या. "लेकराचं उष्टं आहे."

मी तोंड उघडलं.